टपालमावशींचा उजवा हात

गेल्या वर्षी १२ फेब्रुवारीला आमच्या ऑफिसातल्या टपालमावशींनी पगारावर दोन हजार चारशे रुपयांची उचल मागितली आणि अर्जातल्या कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले, 'मारामारी शिकणे'. मारामारीसाठी उचल देण्याची तरतूद नियमात नव्हती. मी अर्ज परत पाठवला. दहा मिनिटांत दुसरा आला. त्यात कारण 'वैद्यकीय' होते. मी सही केली.

मावशी एकवीस वर्षे आवक-जावकच्या खिडकीशी बसत होत्या. आलेले पाकीट उघडायचे, तारखेचा शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि ज्याचे त्याच्या टेबलावर पोचवायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक क्रमांक दोनदा पडला नाही की एक गळला नाही. कामाची रीत एकदा समजली की ती त्यांच्या हातात बसे. चहा पिता पिता, कुरिअरवाल्याला झापता झापता त्यांचा उजवा हात आपला शिक्के मारत राही. वय बावन्न, उंची बेताची, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली. मागे एकच मुलगी.

ती मुलगी जानेवारीत माहेरी परत आली होती. जावयाचे गाड्यांच्या बॅटऱ्यांचे दुकान होते. लग्नाला चार वर्षे झाली होती आणि मार पहिल्या वर्षापासून चालू होता, हे मावशींना मुलीचे पुढचे दोन दात पडल्यावर कळले. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि घरातले घरात मिटवा म्हणून सांगितले. जावयाने फोनवर कळवले की आपण स्वतः येऊन बायकोला घेऊन जाणार, कोण आडवे येते ते बघू. मावशींनी दाराला दुसरी कडी लावून घेतली. दिवसभर ऑफिसात असताना मुलीला शेजारच्या शिंप्याकडे बसवू लागल्या. शिंपी वयस्क, सज्जन माणूस. त्याने तिला काज-बटणांचे काम दिले. जावई येईल तेव्हा मुलीने त्याच्याबरोबर जाता कामा नये, यापलीकडे मावशींना त्या दिवसांत काहीही नको होते.

मारामारीचा वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी सहा ते सात चाले. शिकवणारे सर त्याच शाळेत कवायत घेत. वर्गात बहुतेक कॉलेजच्या मुली होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मावशींना नातीला सोडायला आलेली आजी समजून बसायला बाक दिला. ऑफिसात बातमी फुटायला आठवडा लागला. हिशेब विभागातला एक पोरगा म्हणाला, "मावशी, आता कुरिअरवाल्याचं काही खरं नाही." मावशी शिक्का न थांबवता म्हणाल्या, "त्याचं नंतर. तू न विचारता माझा डिंक नेतोस, आधी तुझा नंबर."

शिक्षण गमतीचे नव्हते. गुडघे सुजत, मनगटावर निळे डाग पडत. सरांनी त्यांना लाथा-बुक्क्या शिकवल्याच नाहीत. या वयात एकच डाव घोटा म्हणाले. समोरच्याने मनगट धरले तर ते फिरवून सोडवायचे, त्याचाच हात पिरगाळून कोपर वर दाबायचे आणि त्याला तोंडावर जमिनीवर आणायचे. यात ताकद कमी आणि नेमकेपणा जास्त लागतो. दाताच्या दवाखान्यातली एक नर्स त्यांची जोडीदार होती. ती धरायची, मावशी तिला पाडायच्या, मग उलट.

वर्गाचा एक कडक नियम होता. खाली पडलेल्याला दुखू लागले की त्याने मोकळा हात जमिनीवर दोनदा आपटायचा. तो आवाज आला की वरच्याने त्या क्षणी सोडायचे, एक पाऊल मागे जायचे आणि मान लववायची. एप्रिलमध्ये एकदा नर्सने हात आपटला आणि मावशींना सोडायला उशीर झाला. उशीर तो किती, दोन श्वासांचा असेल. नर्सचा खांदा लचकला आणि तिला चार दिवस रजा पडली. सर सर्वांसमोर बोलले. मावशींना एकवीस वर्षांत कोणी असे बोलले नव्हते. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी सरांना सांगून फक्त सोडण्याचा सराव केला. सर म्हणत, आवाज ऐकून विचार करायचा नाही, डोक्याला कळायच्या आत हात सुटला पाहिजे. मावशींचा हात सुटू लागला. नर्स म्हणे की आता वर्गात सगळ्यात निर्धास्त त्यांच्याच हाताखाली वाटते.

घरी मावशी मुलीबरोबर सराव करत. मुलगी आधी तयार नव्हती. एका संध्याकाळी तिने आईचे मनगट धरले आणि धरल्याबरोबर नवऱ्याच्या आवाजात बोलू लागली, त्याचेच शब्द, त्याच चढत्या सुरात. मावशींना डाव आठवेना. दोघी स्वयंपाकघरात तशाच उभ्या राहिल्या. मग मुलगी म्हणाली, "आई, पाड ना मला." मावशींनी तिला हळूच चटईवर पाडले. पुढे मुलगी थोडी खुलली. शिंप्याकडे शिवलेल्या शर्टांचा हिशेब ठेवू लागली, दात बसवून घेण्याची भाषा करू लागली.

जावई जून महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला आला. मुलगी शिंप्याकडून मागवलेले दोऱ्याचे रीळ आले असेल म्हणून दार उघडायला गेली आणि तो आत शिरला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. डबा टेबलावर ठेवून त्याने मावशींना वाकून नमस्कारसुद्धा केला.

"मारामारी शिकताय म्हणे, आई. गुडघ्यांना तेल कुठलं लावता?"

मावशी म्हणाल्या, "तुम्ही जा. ती येणार नाही."

त्याने मुलीचा दंड धरला. मावशी मध्ये शिरल्या, तेव्हा त्याने त्यांचे मनगट धरले. त्यापुढचे सारे सरांनी शिकवल्याबरहुकूम झाले. मनगट फिरले, कोपर दाबले गेले आणि पंचाऐंशी किलोचा तो माणूस फरशीवर तोंडघशी आला. मावशींचा गुडघा त्याच्या पाठीवर होता. त्यांनी मुलीला शिंप्याकडे पिटाळले, पोलिसांना फोन कर म्हणून. ती धावली. पोलीस येईपर्यंत धरून ठेवायचे, एवढेच आता राहिले होते आणि ते त्यांना जमण्यासारखे होते.

जावई शिव्या देत होता. मावशींनी कोपर आणखी वर घेतले. तो कळवळला आणि मोकळा हात त्याने फरशीवर आपटला, एकदा आणि पुन्हा एकदा.

मावशींनी हात सोडला. त्या एक पाऊल मागे गेल्या आणि त्यांनी मान लववली.

मान वर येईपर्यंत तो उठला होता. त्याने लोखंडी स्टूल उचलले. पहिला घाव मावशींनी उजव्या हातावर घेतला. हात दोन ठिकाणी मोडला आणि त्या भिंतीशी कोसळल्या. त्याने स्टूल दुसऱ्यांदा उचलले तेव्हा मुलगी दारात परत आली होती. तिच्या मागे शिंपी उभा होता. त्याच्या हातात कापडाची मोठी कात्री होती आणि तो जागचा हलला नाही.

मुलगी म्हणाली, "तिला मारू नका. चला, मी येते."

ती नवऱ्याच्या पुढे जिना उतरली. पायात चपलाही नव्हत्या. पोलीस पाऊण तासाने आले. त्यांनी मुलीला फोन लावला, तेव्हा तिने मी माझ्या मर्जीने आले असे सांगितले. ते त्यांनी लिहून घेतले आणि प्रकरण मिटले.

सर दवाखान्यात आले होते. कसे घडले ते मावशींनी त्यांना क्रमवार सांगितले. शेवट ऐकल्यावर ते उठून गेले. मी गेलो तेव्हा मावशींचा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली.

"साहेब, मी सोडलं नाही. हातानं सोडलं."

सप्टेंबरमध्ये त्या कामावर आल्या. उजवी मूठ पुरती वळत नाही, म्हणून शिक्का डाव्या हाताने मारतात आणि तो जरा तिरका पडतो. वर्गाला त्या पुन्हा गेल्या नाहीत. मुलीचे आजवर दोन फोन आले. दोन्ही वेळा ती बरी आहे म्हणाली आणि दोन्ही वेळा मागे जावयाचा आवाज होता. मावशी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दार कोणी उघडले नाही.

शिंपी हल्ली मावशींची चाहूल लागली की दार लोटून घेतो. त्या रविवारी दवाखान्यापर्यंतच्या टॅक्सीचे एकशे ऐंशी रुपये त्याने दिले होते. ते अजून द्यायचे आहेत.