नळीचं दुसरं टोक

देवाने ही सगळी सृष्टी उभी केली ती इंदापूरच्या पाचवी-सहावीच्या पोरांना वर्गात दाखवता यावी एवढ्याचसाठी, अशी माझ्या साडूंची प्रामाणिक समजूत होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते इंदापूरला मास्तर होते आणि मी बारामतीच्या पोस्टात टपालावर शिक्के मारीत होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. शाळेत पदार्थविज्ञानाचं एक पातळसं पुस्तक होतं, पण साडूंचा पुस्तकावर काडीचाही भरवसा नव्हता. "पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानायचं, तर मग पोथी काय वाईट होती?" असं ते हेडमास्तरांना तोंडावर विचारत. अंगाने फाटके, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि अंगात एक काळा कोट. त्या कोटाच्या खिशांत लोहचुंबक, मेणबत्तीचं थोटूक, चुन्याची डबी, सुतळी आणि एक भिंग एवढा ऐवज कायम असे. शेजारी बसलं की आपल्या खिशातल्या टाचण्या हळूहळू त्यांच्या बाजूला सरकताहेत असा मला भास होई.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं हे धीराचं काम होतं. एकदा ते बारामतीला आले असता परतीच्या सर्व्हिस मोटारीवर सोडायला मी त्यांच्याबरोबर निघालो. कऱ्हेच्या पलीकडच्या काठाला एक परीट धोपटणं चालवीत होता. साडू एकदम थांबले आणि माझा हात धरून म्हणाले, "अण्णा, त्याचा हात बघा आणि आवाज ऐका." मी बघितलं. हात खाली यायचा, धोपटणं धोतरावर आपटायचं, आणि आवाज मागाहून रमतगमत यायचा. जन्मभर मी त्या काठाने गेलो होतो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. मला आश्चर्य वाटलेलं पाहून साडूंना चेव आला. मग थोडं मागे जाऊन बघायचं, पुढे जाऊन बघायचं, नाडीवर बोट ठेवून मोजायचं. परटाला वाटलं आम्ही त्याच्या कपड्यांवर डोळा ठेवून आहोत. त्याने काम थांबवून आम्हाला दोन शिव्या हासडल्या. त्या शिव्याही ओठ हलल्यावर किती वेळाने पोहोचल्या हे साडूंनी टिपून घेतलं. मोटार अर्थातच निघून गेली होती.

शाळेचं तर विचारूच नका. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हा धडा आला की सगळा वर्ग लोहाराच्या भट्टीवर. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायची असली की लोहार आधी निरोप धाडी, कारण निरोप नाही धाडला तर साडू चढवलेली धाव पुन्हा काढायला लावतील अशी त्याला भीती वाटे. तापून लाल झालेली लोखंडी धाव लाकडी चाकावर सहज बसे, पाणी ओतलं की ती कडकडत आवळे, आणि साडू पोरांच्या मध्ये उभे राहून हात वर करून नाचायचेच बाकी राहत. लोहार एकदा म्हणाला, "मास्तर, तीस वर्सं हेच करतोय मी, पर तुमी आलात की वाटतं आज कायतरी नवीनच झालं." माझी मेहुणी मात्र कावलेली असे. "आमच्या घरात सैपाक होत न्हाय, प्रयोग होतो. उरलं तर जेवतो," असं ती म्हणे, आणि मग स्वतःच हसे.

आमचे सासरे, म्हणजे आबा, निमगाव केतकीजवळ राहत. बागाईतदार माणूस, बोलणं कमी आणि मिशा जास्त. मी थोरला जावई. मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत असल्यामुळे ते मला 'शहाणा' समजत आणि जावईबापू म्हणत. साडूंना ते नुसतं मास्तर म्हणत. त्यालाही कारण घडलं होतं. पहिल्याच दिवाळीला भर पंगतीत साडूंनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर माझ्याकडचं पोस्टकार्ड ठेवून पेला उलटा धरला. हवेच्या दाबाने कार्ड चिकटून राहिलं, थेंबही सांडला नाही, आणि सगळी पंगत घास हातात धरून बघत राहिली. मी म्हटलं, पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला कार्ड भिजून मऊ पडलं होतं. सगळं पाणी आबांच्या पुरणपोळीवर. आबांनी वर पाहिलं तर धाकटा जावई हर्षभराने सांगतोय, "बघितलंत, एका कडेने हवा आत शिरली." त्या दिवसापासून ते मास्तर.

आबांच्या जमिनीच्या शेवटाला एक लांबट पट्टा होता. सगळं गाव त्याला टेकाड म्हणे. तिथे आबांनी आणि सासूबाईंनी मिळून लिंबाची चाळीस रोपं लावली होती. सासूबाईंच्या हातची ती शेवटची लावण. त्या पुढच्याच वर्षी गेल्या. आबा त्याविषयी कधी बोलत नसत, पण खालच्या विहिरीचं पाणी घागरीने वाहून रोज प्रत्येक रोपाला घालत. त्या साली चैत्रातच विहिरीने तळ दाखवला आणि रोपं माना टाकू लागली. कालव्याचा फाटा जवळूनच जात होता, पण टेकाडावर पाणी चढणार कसं? शेजारचे तात्या म्हणाले, "आबा, पानी म्हंजी काय शेरडू हाय व्हय, चढायला? चढलं तर मिशा उतरवतो."

साडू तिथेच होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे टेकाड आहे असं कुणी मोजलंय?" मागे चढत गेलेला माळ असल्यामुळे नजर फसत असेल, अशी त्यांची शंका. मोजायची रीत त्यांची साधी होती. डॉक्टरांकडून एनिम्याच्या रबरी नळ्या मागून आणून त्यांनी त्या जोडल्या, दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या बसवल्या आणि आत पाणी भरलं. नळी कशीही वाकडी धरा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येऊन थांबतं. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, दोघांच्या हातात खुणा केलेल्या काठ्या. पाणी कुठल्या खुणेला आहे ते ओरडून सांगायचं, खुंटी ठोकायची, पुढे सरकायचं. "चालताना तोंडावर अंगठा ठेवा, पण मोजताना अंगठा काढा. दोन्ही टोकं उघडी हवीत," हे त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितलं असेल.

फाट्यापासून निम्म्याच्या वर आम्ही नीट आलो. मग ऊन चढलं, आणि माझ्या नव्या धोतरावर नळीतलं पाणी सांडायला लागलं. त्यातच तात्या येऊन माझ्याजवळ उभे राहिले. आम्ही दोघं मिळून साडूंची थट्टा करू लागलो. एनिम्याच्या नळीवरून जे बोलता येण्यासारखं होतं ते सगळं आम्ही बोललो. त्या हसण्याच्या नादात शेवटची तीन मोजमापं झाली. साडूंनी वहीत बेरीज केली आणि पळत येऊन आबांना सांगितलं, "आबा, टेकाड नाहीच ते. फाट्यापेक्षा दीड वीत खाली आहे." असा आनंदलेला माणूस मी लग्नमंडपातही पाहिलेला नाही.

संध्याकाळी अंगणात त्यांनी आबांना नळीचा गुण समजावून दिला. एका टोकावर अंगठा दाबून दुसरं टोक वर उचललं. पाणी जागचं हललं नाही. "आत हवा कोंडली की पाण्याला खरं सांगता येत नाही," ते म्हणाले. शेवटच्या तिन्ही वेळेला माझा अंगठा नळीच्या तोंडावरच होता, हे मला तेव्हा आठवलं. बोलायला हवं होतं. पण आबा समोर बसले होते, आणि शहाणा जावई ही माझी एकुलती एक कमाई होती. तीनच तर मापं, असं मनाशी म्हणून मी सकाळी बारामतीला निघून आलो.

आबांनी पाण्याच्या पाळीसाठी अर्ज दिला आणि दोन गडी घेऊन आमच्या खुंट्यांच्या मापाने फाट्यापासून टेकाडापर्यंत पाण्याची चारी स्वतः खणायला घेतली. साठीचा माणूस, चैत्राचं ऊन. विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्याच्या घागरी वाहणंही बंद झालं, कारण तेच हात आता कुदळीवर होते. म्हणजे पाणी आलं नाही तर रोपं गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळीच्या दिवशी मी रजा काढून गेलो. सकाळी पाटकऱ्याने फाट्याचं दार उघडलं. चारीतून पाणी पालापाचोळा पुढे ढकलीत धावत निघालं, आणि बरोबरीने काठाने धोतराचा काचा मारून साडू धावत निघाले. निम्म्याच्या पुढे, जिथून ती तीन मापं सुरू होत होती नेमकं तिथे, पाणी थबकलं. मग फुगलं, आणि बाजूच्या ढेकळांत पसरायला लागलं. तात्या म्हणाले, "आबा, चारी न्हाय, हौद खांदलाय तुमी." लोक हसले. आबा जाऊन रोपांपाशी बसले.

मला ते बघवेना. मी साडूंच्या कानाशी लागलो आणि अंगठ्याचं सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, म्हणजे निदान आता तरी रागावतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांचे डोळे लकाकले. "म्हणजे हवा कोंडली होती! अहो अण्णा, हवा जागा अडवते हे मी पोरांना महिनाभर घोकवतोय, आणि तुम्ही ते शेतात करून दाखवलंत." माझा हात त्यांनी इतक्या जोराने दाबला की मला रडू यायचंच बाकी राहिलं. लगेच नळी निघाली, आम्ही चिखलात गुडघे टेकून तिन्ही मापं पुन्हा घेतली. मी अंगठा मुठीत मिटून धरला होता. बेरीज झाली. दीड वीत नव्हे, जेमतेम चार बोटं. "पण खालीच आहे," साडू म्हणाले. "चार बोटं पुष्कळ झाली. मधला उंचवटा तेवढा वीतभर खणा."

तेवढ्यात आबा उठून आले. "मास्तर, काय चुकलं हुतं?" सगळं गाव ऐकत होतं. साडूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझं चुकलं, आबा. मापताना दोन्ही टोकं उघडी ठेवायची असतात, ते मी अण्णांना सांगायला विसरलो."

मग जी खणाखण झाली ती विचारू नका. दोन गडी, आबा, साडू, मी, आणि थोड्या वेळाने कुदळ घेऊन तात्याही चारीत उतरले. मिशा उतरवायच्या पैजेची आठवण त्यांनाही राहिली नाही आणि दुसऱ्या कुणालाही. शेवटचा माती-दगडाचा बांध तात्यांनीच फोडला. पाणी त्या कापातून शिरलं, क्षणभर रेंगाळलं आणि पुढे चालू लागलं. आरडाओरड नाही, सगळे त्याच्या चालीने चालत होतो. पहिल्या रोपाच्या आळ्यात ते शिरलं तेव्हा जमिनीतून बुडबुडे आले. आबा वाकून कितीतरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "चढलं न्हाय, उतारानंच आलं. म्हंजी हितं टेकाड नव्हतंच कदी. जलम गेला माझा टेकाड म्हनन्यात." साडूंनी खिशातून वही काढून आबांचं ते वाक्य लिहून घेतलं.

चाळीसांपैकी चौतीस रोपं जगली. आबा पुढे पुष्कळ वर्षं आल्यागेल्याला ती बाग दाखवीत आणि हमखास सांगत, "धाकटा जावई हुशार हाय, पर इसरभोळा. सांगायचंच इसरला गडी. थोरला सोबत व्हता म्हनून निभावलं." साडू शेजारी बसून मान डोलवीत, आणि मी 'व्हय, व्हय' म्हणे. दर खेपेला वाटे, आज सांगावं. पण त्या जिभेला सवयच नव्हती. एकदा एकटे असताना मी साडूंना म्हटलं, "तुम्ही तसं का म्हणालात?" ते शाळेसाठी मेणबत्त्या कापत होते. "अहो, मला हेडमास्तर रोजच बोलतात," ते म्हणाले. "तुम्हाला सवय नाही."

आता आबा नाहीत, आणि साडूही गेले. सांगायला फार उशीर झालाय हे मला कळतं. तरी लिहून ठेवतो. त्या माणसाने मला दहा वेळा सांगितलं होतं. अंगठा माझा होता.