कमलवन्संची चिंगी

कमलवन्सं गेल्याचं त्यांच्या भिंगारच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "मग चिंगीपाशी कोण आहे?" चिंगी म्हणजे वन्संची पांढरी उंदरीण. लग्न न केलेल्या माझ्या या थोरल्या नणंदेच्या घरात तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या फौजी कुटुंबाची बदली झाली आणि पिंजरा वन्संकडे आला, तो कायमचाच. गणपतीचं वाहन तुमच्याकडेच मुक्कामाला, म्हणून मी चिडवायचे. "हसा वहिनी," त्या म्हणायच्या, "पण या उंदरांना छातीचं दुखणं जडलं की ते जन्माचं." म्हणून पिंजऱ्यात लाकडाचा भुसा नाही, जुन्या सुती साडीचे तुकडे, तेही रोज धुतलेले. लघवीचा दर्प राहिला तरी छाती भरते म्हणे. फोडणी देताना मधलं दार बंद. देवापुढेसुद्धा नुसतं फूल, उदबत्ती नाही.

चिंगीला आम्ही केडगावला आणलं. दिवसकार्य आमच्याकडेच होतं. सासूबाईंनी लेकीच्या फोटोपुढे दिवा ठेवला, शेजारी उदबत्ती, आणि एक विझायच्या आत दुसरी... गावाकडून, श्रीगोंद्याहून येणारा प्रत्येक पाहुणा उदबत्तीचा पुडा घेऊनच येई. पोटची लेक गेलेल्या म्हातारीला, उंदराला धूर सोसत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी पिंजरा आतल्या खोलीत नेला. पण आमचं घर ते केवढं, धूर तिथंही आलाच. चिंगी शिंकू लागली, नाकाशी तांबूस डाग दिसले. जनावरांचे डॉक्टर भले गृहस्थ. गाई-शेळ्यांचं विचारा, म्हणाले, तरी कुणाला तरी फोन करून थेंब-थेंब द्यायचं औषध दिलं. ती अंग फुगवून श्वास ओढत बसायची आणि मी समोर बसून नुसती बघायचे. इतकं हतबल मला वन्सं गेल्या त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "ही अशी का करती गं?" मग सांगावंच लागलं. त्यांनी चिंगीला ओंजळीत घेऊन कानाशी धरलं. छातीतली घरघर त्यांनाही ऐकू आली असावी.

"आधी का न्हाई बोललीस?" एवढंच म्हणाल्या. उठल्या आणि जळती उदबत्ती राखेत दाबली.

दुसऱ्या दिवशी चिंगी गेली. आता पिंजराही घरात नाही. भेटायला येणारे अजून फोटोपुढे उदबत्ती लावायला काड्यापेटी मागतात. सासूबाई त्यांचा हात धरतात.

"नगं. कमलला चालत न्हाई."