हेइकामामाची चाहूल

आमच्याकडे माणूस यायच्या आधी त्याची चाहूल येते. पडवीत बूट आपटल्याचा आवाज, खाकरणं, कडी वाजणं, सगळं नीट ऐकू येतं. दार उघडावं तर बाहेर बर्फ आणि काळोख. मग थोड्या वेळानं तोच माणूस खराखुरा येतो आणि तेच आवाज त्याच क्रमानं पुन्हा करतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या पठारावर, आम्हा सामी लोकांना त्याचं काही वाटत नाही. उलट सोयच. आई चाहुलीवर कॉफी टाकते.

हेइकामामाची चाहूल तर कुत्राही ओळखतो. धप्. सर्र. टक. एक पाय जोरात, दुसरा घासत, आणि मग टक, कारण मामाला वाकून बूट काढता येत नाहीत. तो उंबऱ्याला टाच अडकवून बूट उडवतो.

मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करते. पाद्रीबाबा प्रार्थनेत जांभई कशी गिळतात, दुकानवाली उधारी मागताना आवाज कसा गोड करते, सगळं जमतं मला. पण लोक फर्माईश करतात ती मामाचीच. मान वळवायची नाही. कुणी हाक मारली की कपाट सरकवल्यासारखं अख्खं अंग फिरवायचं. मामा समोर असला तरी मी करते.

“मामा, वळण्याआधी हात दाखवत जा ना, मागची माणसं धडकतात.”

“माझ्या पाठीतलं एक हाड तुझ्या जिभेला बसवायला हवं,” तो म्हणतो. “म्हणजे ती तरी थांबेल.”

मामाच्या पाठीत मणके असे उरलेलेच नाहीत. सगळे एकमेकांना चिकटून एक काठी झाली आहे, तीही पुढे वाकलेली. एके काळी पळत्या रेनडिअरच्या शिंगांवर फास टाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता तो शिंगांपासून सुऱ्यांच्या मुठी कोरत बसतो. आकाशात हिरवा उजेड नाचायला लागला की तो पाण्याची बादली पडवीत ठेवतो आणि खाली बघून आकाश बघतो. तो तसा वाकून उभा असला आणि बादलीतला उजेड त्याच्या तोंडावर हलत असला, की मलासुद्धा नक्कल सुचत नाही.

आई सांगते, दादाचं तरुणपणी सुरू झालं. पहाटे कंबर धरायची, लाकूड व्हायचं. आराम केला की वाढायचं आणि चाललं की सुटायचं. मध्येच एक डोळा लालबुंद व्हायचा. तेव्हाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात बी-सत्तावीस नावाची खूण निघाली, अशी पाठ धरणाऱ्यांच्या रक्तात हटकून सापडणारी. ते हसले. म्हणाले, तुमच्या लोकांत चौघांत एकाच्या रक्तात असते ही, तिचं काय धरून बसायचं! ओझी कमी उचल. मामानं ओझी कमी उचलली आणि पाठ आपली हळूहळू दगड होत गेली.

गेल्या हिवाळ्यात, सूर्य न उगवण्याच्या दिवसांत, भर दुपारी आम्ही दिवा लावून जेवत होतो. पडवीत वाजलं. धप्. सर्र. टक.

कुत्रा शेपूट हलवत दाराशी गेला. आई सवयीनं उठली, मामाचा लाकडी पेला घ्यायला फळीकडे हात नेला आणि तशीच थांबली. पेला फळीवर नव्हता. तो मामाच्या हातात होता. मामा माझ्यासमोर बसून कॉफीत भिजवलेले चीजचे तुकडे चमच्यानं काढून खात होता.

“दादा,” आई हळूच म्हणाली, “तू तर इथे आहेस.”

“दिसतंय मला,” मामा म्हणाला. त्यानं पेला खाली ठेवला. कुणी दार उघडलं नाही. कुत्रा तेवढा दारापाशी उभा राहून शेपूट हलवत राहिला.

मग बाहेर स्नो-स्कूटर थांबली. धप्. सर्र. टक. दार उघडलं आणि आत आला माझा मोठा भाऊ माह्ते. रेनडिअरच्या कळपावरून आला होता. तेवीस वर्षांचा गडी, पण त्यानं उंबऱ्याला टाच अडकवून बूट उडवला होता.

“काय झालं? भूत बघितल्यासारखे काय बसलात?”

मामानं अख्खं अंग त्याच्याकडे फिरवलं. “कंबर कधीपासून धरते रे?”

“कुणाची? माझी? स्कूटरचे दणके आहेत, मामा.”

“मीही दणकेच म्हणालो होतो.”

“तुझं तुझ्यापाशी ठेव. मला रोगी ठरवाल आणि कळपावरून घरी बसवाल.”

“आता डॉक्टरकडे गेलास तर कळपावर राहशील,” मामा म्हणाला. “नाही गेलास तर माझ्याशेजारी बसून मुठी कोरशील. जागा आहे बाकावर.”

माह्ते गेला तो त्या बाकाच्या धास्तीनं. आईनं मलाही सोबत धाडलं. डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या, पण बारा हिवाळे इथे काढलेल्या.

“सकाळी उठल्यावर पाठ आखडते?” त्यांनी विचारलं.

“छे.”

“पहाटे दुखून जाग येते?”

“मी ओंडक्यासारखा झोपतो, डॉक्टर.”

मला राहवेना. मी त्यांच्या तपासायच्या पलंगावर आडवी झाले आणि माह्तेची सकाळ करून दाखवली. आधी कुशीवर. मग भिंतीला हात. दात आवळून एक पाय खाली, मग श्वास रोखून दुसरा. पलंग धरून उभी राहिले आणि खोलीभर फेऱ्या मारल्या, पाठ हळूहळू सुटेपर्यंत. मी हसवायला सुरुवात केली होती, पण कुणी हसलं नाही. वळताना मला मान फिरवावीशी वाटली नाही, अख्खी फिरले, आणि माह्तेचा चेहरा दिसला. तो माझ्यात मामाला बघत होता.

“बस कर, रिस्तेन,” तो म्हणाला. मग बाईंकडे न बघता, “असंच होतं. दोन वर्षं झाली.”

बाईंनी रक्त घेतलं आणि कंबरेखालच्या सांध्यांचा एमआरआय काढायला लावला. हौसेनं मीही रक्त दिलं. खूण त्याच्यात निघाली आणि माझ्यातही.

“घाबरू नकोस,” बाई मला म्हणाल्या. “रेनडिअरच्या कानावरची कापखूण बघून ते कोणत्या घरचं ते कळतं. लंगडतं का, ते चालवून बघावं लागतं. ही रक्तातली खूण त्या कानासारखी आहे.” मग माह्तेकडे वळल्या. “तुझे सांधे मात्र आतून पेटलेत. अजून चिकटले नाहीत. वेळेत आलास.”

माह्ते आता इंजेक्शनं घेतो. उन्हाळ्यात त्यानं वासरांच्या कानांवर मामाची खूण कोरली. बूट वाकून काढतो, तेही मुद्दाम मामासमोर.

या हिवाळ्यात, पुन्हा सूर्य नसताना, आम्ही चौघं जेवायला बसणार होतो. माह्ते खाली बसून कुत्र्याच्या पंजातला बर्फ काढत होता. पडवीत वाजलं.

धप्. सर्र. टक.

कुत्रा उठला नाही. आईचा हात फळीकडे गेला.

“कॉफी टाकू नकोस,” मामा म्हणाला. “असं चालणारं आपल्यातलं कुणी बाहेर नाहीये.”

आईनं हात मागे घेतला. मग पावलं पायऱ्या उतरून नदीकडे गेली. खूण माझ्याही रक्तात होती. मी उठले, दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. कान लावून. माझी पावलं अजून माझ्यासारखीच वाजत होती.

“आता कुणाची नक्कल?” माह्तेनं विचारलं.

“कुणाची नाही,” मी म्हणाले आणि पुन्हा एकदा दारापर्यंत चालून आले.