द्वारकाबाईंच्या गाडीतली ऊब

भिसेगावच्या द्वारकाबाईंशी वाद घालायला वर्गातली पोरं टरकत, आणि त्यांचे बापही. पण धाऊ मेकॅनिकची हिंमत बघा. गाडी दुरुस्तीला आली आणि त्यानं बाईंना न विचारता त्यांच्या जुन्या अँबेसेडरचा हीटर काढून टाकला. बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कर्जत-खालापुरात जुना हीटर गळायला लागला की सगळेच असं करतात. इंजिनाचं गरम पाणी हीटरात नेणारे-आणणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडले की झालं काम. घामानं जीव नकोसा होणाऱ्या मुलखात हीटर हवाय कुणाला?

द्वारकाबाईंना हवा होता. पावसाळ्यात डोंगरावरच्या वाडीतल्या मुली चिखल तुडवत डांबरी रस्त्यापर्यंत यायच्या. तिथून बाई त्यांना गाडीत कोंबायच्या आणि पळसदरीच्या शाळेपर्यंत हीटर पुरता सोडायच्या. वर्गात बसेपर्यंत पोरींची हुडहुडी गेलेली असायची.

गेल्या पावसाळ्यात बाई गुडघ्याच्या दुखण्यानं घरी बसल्या. तेव्हा चिमा नावाची पोर ओल्या कपड्यांत वर्गात बसली आणि न्यूमोनियानं दवाखान्यात पडली. तिची आई ललिता यंदा साफ म्हणाली, "पावसाचं नाय धाडनार बाई. पोर जगली तं शिकंल." बाईंनी तिला शब्द दिला होता, तुझी मुलगी ओली बसणार नाही. पावसात एकदा शाळा तुटली की पोर परत येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. चिमाची त्यांना फार काळजी वाटत होती.

"हीटर कुठंय?" बाईंनी गॅरेजात शिरताच विचारलं.

"भंगारात. गळत व्हता ना, तुमचं पाय भाजलं असतं."

"माझे पाय माझे मी बघते. तू हीटर शोध."

टायरांच्या ढिगाखाली तो सापडला. धाऊनं त्याची पेटी उघडली, तर आतल्या बारीक नळ्या लाल गाळानं गच्च बुजलेल्या. गाडी तापली की रेडिएटरात रस्त्याकडेच्या ओढ्याचं पाणी ओतायचं, ही इथली सगळ्यांची सवय, आणि बाईही त्यातल्याच. धाऊ मान खाली घालून नळ्या खरवडू लागला.

"गप्प काय बसतोस? माझेच प्रताप आहेत हे," बाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "ही नळी पितळेची ना रे? मग पितळ आम्ही कशानं घासतो?"

घरून चिंच आली. मोठ्या पातेल्यात कोळ उकळून हीटर त्यात बुडवून ठेवला. नळ्यांतून पाणी ओतलं की लाल, परत ओतलं की परत लाल. बाईंनी पदर खोचला आणि नितळ पाणी येईपर्यंत हात थांबवला नाही. मग धाऊनं गळणाऱ्या चिरेला कथलाचा डाग दिला, हीटर बादलीत बुडवला आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही. धाऊ पोरासारखा हसला आणि त्यानं हीटर परत गाडीत बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस नुसता कोसळत होता. वाडीच्या वाटेच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर चिमा उभी होती, आणि तिचा हात धरून ललिता. "सांगाया आले," ललिता म्हणाली, "शाळेतनं हिचं नाव काढा."

"आधी आत बसा गं दोघी. मग सांग."

गाडी निघाली. पायांशी गरम वारा सुटला. चिमानं तळवे पुढे केले. ललिता आधी अंग चोरून बसली होती, हळूहळू तिनंही पाय पुढे सरकवले.

शाळा आली. चिमा उतरली, केस झटकून वर्गाकडे पळाली. ललितानं तिला अडवलं नाही. ती तशीच बसून राहिली.

"मी चौथीत सोडली शाळा," ती म्हणाली. "असाच पाऊस व्हता. अंगात ताप, कपडं वल्लं. आयनं परत धाडलंच नाय."

द्वारकाबाईंनी गाडी बंद केली नाही, हीटर तसाच चालू ठेवला.

"उद्या पन चालू असंल का ह्ये?" ललितानं विचारलं.

"असेल."

"मंग धाडते," ती म्हणाली, आणि उतरायच्या आधी पुन्हा एकदा त्या गरम वाऱ्यासमोर हात धरून बसली.