भिंतीवरची विहीर

चित्रं चारचौघांत लावावीत की नाहीत, असा वाद कोणी काढला की मला आमच्या शाळेतलं लोखंडी कपाट आठवतं आणि डोकं तापतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. मोहगावच्या पुढे आमचं गाव. सव्वीस जानेवारीला तहसिलीच्या गावाहून, सौसरहून, मोठे साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी माझ्या मोठ्या बहिणीला व्हरांड्यातली भिंत दिली. "आपलं गाव काढ," म्हणाले. ताईने गेरू, नीळ आणि कोळसा घेऊन गाव काढलं. संत्र्याची झाडं, बैलबंडी, विहीर. विहिरीवर बायका पाणी शेंदताहेत आणि जरा लांब, पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर घेऊन एक बाई उभी आहे, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. ती आमची आई होती. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना त्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. ताईने रोजचंच काढलं होतं.

आईच्या कानावर गेलं तेव्हा ती भडकलीच. "माही लाज भिताडावर कायले मांडून राहिली तू?"

"लाज तुही नाही, माय. ज्याइनं दूर उभं केलं त्याइची हाय. पाहू दे सगळ्याइले."

आई विळा उचलून कामावर निघून गेली. पण सव्वीस जानेवारीला तिने मजुरी पाडली, विहारात जायचं पांढरं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चाला. पाहू तरी, कशी दिसतो मी."

व्हरांड्यात विहिरीच्या जागी कपाट उभं होतं. झाडं आणि बंडी तेवढी दिसत होती. हेडमास्तर तसे वाईट नव्हते, आम्हाला जुनी पुस्तकं द्यायचे. हळू आवाजात म्हणाले, "बाई, पोरीनं चांगलं काढलं. खोटं काहीच नाही त्यात. पण पाहुण्यांपुढं गावाची बदनामी कशाला?"

म्हणजे खोटं असतं तर चाललं असतं! मला अजून चीड येते.

"एकडाव सरकवा जी," आई म्हणाली. "पाहून जातो."

"थांबा जरा. पाहुणे गेले की सरकवू."

आई बाजूला, खांबाजवळ उभी राहिली. झेंडा झाला, भाषणं झाली, साहेबांचा चहा झाला. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. हेडमास्तर साहेबांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले, ते परत आलेच नाहीत. चपराशाने खोल्यांना कुलपं लावली. मी आणि ताईने कपाट ढकलून पाहिलं, पण ते हललं नाही.

ताईने वळून आईकडे पाहिलं. एक हात कमरेवर, मान जराशी खाली. ताईने काढली होती अगदी तशीच. ताई हमसून हमसून रडायला लागली.

आईने पदराने तिचं तोंड पुसलं. "चाल घरी. पाहाचं काय त्यात," ती म्हणाली. "सकाळपासून उभीच तर होतो मी."