हातोद रोडवरचा एक मैल

या ग्रुपवर मला जे ओळखतात ते कटकट्या म्हातारा म्हणूनच. कुणी लिहिलं की ‘मिट्ट काळोखात हिरव्या साडीतली बाई उभी होती’, की मी खाली विचारतो — काळोख होता ना, मग साडी हिरवी कशी दिसली? कुणी लिहिलं ‘पाच मिनिटांत सहा किलोमीटर चालत आलो’, की मी भागाकार करून दाखवतो. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, जित्याची खोड आहे. भूत, चकवा, अंगात येणं — यातलं मी काही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

पण एक गणित मला साठाहून जास्त वर्षं सुटलेलं नाही. परवा नात म्हणाली, “आजोबा, दुसऱ्यांच्या गोष्टींत एवढ्या मिस्टेक काढता, एकदा आपली पण टाका ना!” तर मी सांगतोय, ती टाईप करतेय. चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा, मी वाटच बघतोय.

काळ मध्यभारत राज्याचा. होळकरांचं राज्य विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही बडा गणपतीजवळ राहायचो. आज मी ज्या सुदामा नगरात बसून हे सांगतोय तिथे तेव्हा नुसती शेतं होती. माझे वडील — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — होळकरांच्या फौजेत डिस्पॅच रायडर होते, म्हणजे मोटरसायकलवरून लष्कराची डाक पोचवणारे. फौज मोडली, आणि नाना सरकारी डाक घेऊन हातोद-देपालपूरच्या तहसील कचेऱ्यांकडे जायला लागले. गाडी मात्र तीच. फौजेचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी ती सोडवून घरी आणली होती. पाचशे सीसीची काळी इंग्रजी मोटरसायकल. आई तिला ‘तुमची म्हैस’ म्हणायची. ती स्टार्ट झाली की शेजाऱ्यांच्या फळीवरची भांडी वाजायची.

तिच्या स्पीडोमीटरचा काटा लढाईच्या काळापासून शून्यावर अडकला होता. नानांनी तो कधी दुरुस्त केला नाही, कारण त्यांची पद्धत वेगळी होती — पाढे! मैलाचा दगड मागे पडला की ओठांतल्या ओठांत ‘बे एके बे’ सुरू. एका चालीत, ना घाई ना उशीर. पुढच्या दगडाला साताचा पाढा संपला तर वेग ताशी तीस मैल. चाराचाच संपला तर साठ. मी कॉलेजात असताना घड्याळ लावून तपासलं होतं. नानांचा एक पाढा बरोबर वीस सेकंदांचा. बे ते सात, सहा पाढे, दोन मिनिटं... गणित चोख.

“मोठी गाडी खोटं बोलते, बाळू,” ते म्हणायचे. “लहान फटफटी पंचवीसवर अशी ओरडते की वाटतं आता उडणार. आणि ही साठवर पण अशी चालते, जशी गाय घरी येऊन राहिली. डोळ्यांना नको विचारू, कानांना नको विचारू. पाढ्याला विचार.”

त्या हिवाळ्यात, भर दुपारी, हातोद रोडवर नवव्या आणि दहाव्या मैलाच्या मध्ये नानांच्या गाडीने एक माणूस उडवला. भेराजी नावाचा शेतकरी. रस्त्याच्या कडेला उभा होता तो शेतात जाऊन पडला, मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. विहिरीवर असलेल्या दोघांनी जबानी दिली की फटफटी बिजलीसारखी आली. आणि नाना एकच धरून बसले — “मी तीसवर होतो. माणूस मला दिसला, पण लांब. अर्धा मैल पुढे, कडुलिंबाखाली. मी हॉर्नकडे हात नेला... आणि तो माझ्या पाठीमागे ओरडत होता.”

कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही, खोटं कशाला बोलू.

केस उभी राहिली. तीन महिने तारखा. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर लागलो होतो. आमचे वकीलसाहेब भले माणूस होते, एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “देखो मास्टर, तुझ्या वडिलांना समजाव. ‘स्पीड जास्त होती, गलती झाली’ एवढं बोलले की जजसाहेब थोडक्यात सोडतील. पण हे ‘तीस, तीस’ करून राहिले तर साहेबांना वाटेल कोर्टात झूठ बोलतात. मग जेल आहे. पेन्शन पण गेली समज.”

नाना ऐकायला तयार नव्हते. गल्लीत दोघांचं भांडण झालं तर लोक नानांना विचारायला यायचे, कारण हा माणूस खोटं बोलत नाही, ही त्यांची ख्याती. त्यांना जेलपेक्षा त्या ख्यातीची काळजी होती. मला जेलची होती. आईने तर जेवण सोडल्यातच जमा होतं.

पुढची तारीख सोमवारी. रविवारी सकाळी माझं आणि नानांचं वाजलं.

“नाना, तुम्ही साठ-सत्तरवर असणार. मोठी गाडी खोटं बोलते, हे तुम्हीच म्हणता ना?”

“गाडी बोलते. पाढा नाही.”

“मग त्या मैलात किती पाढे झाले होते? तेवढं सांगा ना!”

नाना गप्प. हे नेहमीचंच होतं. वकिलाने विचारलं तेव्हाही गप्प, कोर्टाने विचारलं तेव्हाही ‘त्या मैलात लक्ष नव्हतं’. पाढ्यावर लक्ष नव्हतं, आणि हे नाना म्हणतात! मला ते सरळसरळ लबाडीचं वाटलं, आणि रागच आला. मी खुंटीवरची किल्ली काढली. म्हटलं, आज त्याच रस्त्यावर जातो आणि तुम्हाला सिद्ध करून दाखवतो की या गाडीवर बसलेल्या माणसाला साठ हे तीससारखे वाटतात.

“नको जाऊ,” नाना म्हणाले. पण मी गेलो.

हे नीट वाचा. सकाळचे दहा वाजत आले होते, ऊन स्वच्छ. डोक्यावर टोपी, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. बिजासनची टेकडी मागे पडली, पुढे दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा, रस्ता मोकळा. सहाव्या दगडापासून मी नुसत्या अंदाजाने गाडी तीसवर ठेवली आणि पाढे म्हणायला लागलो. पुढचा दगड आला तेव्हा मी कुठे होतो? ‘पाच दाहे पन्नास’! म्हणजे वेग पंचेचाळीस! मला वाटत होते तीस, आणि मी जात होतो पंचेचाळीसने. मी तर गाडीवरच हसलो. सापडलं, नाना! मोठ्या गाडीने तुम्हाला फसवलं, बस, एवढीच गोष्ट.

मग पाढ्यांनी वेग कमी करत आणला. आठव्या ते नवव्या दगडात बरोबर ‘सात दाहे सत्तर’. खरे तीस. ते इतके हळू वाटत होते की उतरून चालावं. मूठ तिथेच धरून ठेवली, जराही हलवली नाही.

नववा दगड गेला. घड्याळ बघितलं. बे एके बे...

पुढे लांब कडुलिंब दिसत होता. त्याखालून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्याकडे येत होती. बोटाएवढी दिसत होती, इतकी लांब. बे त्रिक सहा, बे चोक आठ. इंजिनाचा तोच आवाज, धप धप धप. वारा तोच. डोक्यावरची टोपी जागची हलली नाही. बे पंचे दहा...

बे सक बारा — आणि डावीकडून दहावा दगड गेला!

मागून किंकाळी आली. मी ब्रेक दाबला, गाडी पाच-सात हातांत थांबली. तिसाने जाणारी सुद्धा इतक्यात थांबत नाही, हे वाचणाऱ्यांपैकी गाडी चालवणाऱ्यांना कळेल. वळून बघितलं, तर ती बाई माझ्या मागे, कितीतरी मागे, कडुलिंबाशी खाली बसलेली, भारा रस्ताभर विखुरलेला. आणि नवव्या दगडापासून माझ्या चाकापर्यंत, अख्ख्या मैलाची धूळ एकाच वेळी वर उठलेली. भिंतीसारखी उभी. गाडीमागे धूळ उठते ती मागची बसत जाते, पुढची उठत जाते. ही सगळी एकदम उठली होती.

घड्याळात नवव्या दगडापासून गाडी थांबेपर्यंत पंधरा सेकंदही झाले नव्हते. बारा सेकंदांत मैल, म्हणजे ताशी तीनशे मैल! तेव्हा विमानतळावर येणारं विमानसुद्धा तेवढं जात नसेल.

मी गाडी ढकलत, हो ढकलतच, त्या बाईकडे गेलो. लागलं नव्हतं तिला. ती उठून मला शिव्या द्यायला लागली, “आँख फूटी गी कई थारी? बिजली सरीखो आयो रे तू! हाथभर सरकी नी होती तो मरी जाती हूं!”

बिजली. तोच शब्द. मी हात जोडले, भारा बांधून दिला. एक हात इकडे-तिकडे झाला असता तर ती बाई मेली असती, आणि मीही शपथेवर सांगितलं असतं की मी तीसवर होतो.

नंतर तो मैल मी चालत मोजला. दगड जागचे हलले नव्हते. गाडीवरून परत येताना हाच मैल उलट दिशेने — ‘सात दाहे सत्तर’. पुन्हा वळून सुलट गेलो, जीव मुठीत धरून — ‘सात दाहे सत्तर’. काही नाही. रस्त्यासारखा रस्ता.

घरी आलो तेव्हा नाना ओसरीवर तसेच बसलेले. माझं तोंड बघूनच ते उठून उभे राहिले.

“नाना... तुम्ही खोटं बोलत नव्हता,” मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. बावीस वर्षांचा घोडा, मास्तर, ओसरीवर उभा राहून रडतोय. सगळं सांगितलं. बाई, धूळ, घड्याळ.

नानांनी एकच विचारलं. “पाढा कुठे तुटला?”

“बे सक बारा.”

त्यांचा चेहरा असा उतरला, जसं कुणी मेल्याची तार यावी. मला वाटलं होतं, मुलाने विश्वास ठेवला म्हणून बरं वाटेल. ते खाली बसले. मग म्हणाले, “उद्या कोर्टात तू एक अक्षर बोलणार नाही. मास्तरकी करतोस. लोक पागल म्हणतील.”

सोमवारी कोर्टात नाना उभे राहिले आणि म्हणाले, “हुजूर, स्पीड बहुत ज्यादा थी. गलती मेरी है.”

वकीलसाहेब खूश. पण जजसाहेब भडकले. “तो तीन महीने से आप इस अदालत में झूठ बोल रहे थे?”

नाना जरा थांबले. मला वाटलं, आता सांगतील. मग म्हणाले, “जी.”

मागच्या बाकांवर आमच्या गल्लीतले पाच-सहा लोक होते. एक जण हसला. मी समोरच्या बाकावर, हात मांडीखाली दाबून बसलो होतो. त्या खोलीत हा माणूस खोटं बोलला नाही हे जाणणारा मी एकटा होतो. मी उठलो नाही.

जेल टळली, लायसन्स गेलं. नानांनी गाडी पोत्यांनी झाकली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. त्यानंतर गल्लीतलं कुणी त्यांच्याकडे भांडण मिटवायला आलं नाही.

आठ दिवसांनी नाना मला घेऊन भेराजीकडे गेले, हातोदच्या बसने. भेराजी खाटेवर होता, पाय फळ्यांत बांधलेला. नानांनी त्याच्या पायांना हात लावला. तो बिचारा ओशाळला, “अरे नी नी, म्हाराज!” म्हणायला लागला. मग चहा आला, आणि तो आपणहून सांगू लागला. मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, म्हणून त्याच्याच शब्दांत देतो —

“फटफटी तो म्हने देखी थी. दूर थी, भोत दूर. सोच्यो, हाल बीड़ी सिलगई लूं. फिर कान में कोई धीरे से बोल्यो... म्हारे तो समझ में नी आयो कई बोल्यो. बे सक बारा. बस. आँख खुली तो खेत में पड़्यो थो.”

मी कपबशी खाली ठेवली.

या माणसाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. नाना पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायचे, मागच्या सीटवर बसलेल्या मलाही कधी ऐकू आले नाहीत. आणि मी घरी येऊन जे सांगितलं होतं ते नानांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. बिजासनच्या पुढे आल्यावर नाना आपणच बोलले, “माझाही पाढा बे सक बारावरच तुटला होता. मला वाटत होतं त्या दिवशी तो चुकला. जन्मात पहिल्यांदा. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, तीसच धरून बसलो. तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, चुकला नव्हता. मग मी तीस कसे म्हणू, बाळू? पाढा बारावर तुटला म्हणजे गाडी तेवढी गेली. कशी गेली ते मला नाही माहीत. पण गाडी माझ्या हातात होती.”

आता तो रस्ता रुंद झाला, मैलांचे दगड गेले. तो कडुलिंबही नाही. मी किती वेळा कागद घेऊन बसलोय. झोप लागली होती म्हणावं, तर झोपेत पाढे म्हणता येत नाहीत. घड्याळ बिघडलं म्हणावं, तर पुढे कितीतरी वर्षं ते बिनचूक चाललं. आणि भेराजीच्या कानात कोण बोललं, हे तर कुठल्याच गणितात बसत नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा. मी नेहमीसारखा वाद घालणार नाही.

त्या मैलाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या सोमवारी मी बाकावरून का उठलो नाही, याचं मात्र आहे. मी घाबरलो होतो. आणि हे मी नानांना कधी सांगितलं नाही.