चावी कुणाच्या खिशात

आधी शंकरनानांचं नाव घेतो. बाकीचं मग.

केडगावात पुणे रोडला नानांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पत्र्याचं. मी जिंतूरकडचा. आईबाप ऊसतोडीला राहुरीकडं यायचे, त्यांच्यामागं फिरता फिरता सातवीतून माझी शाळा सुटली. पुढं माझ्याही हातात कोयता आला. तो टाकून मी पळालो, तेव्हा नानांनी ठेवून घेतलं. जात विचारली नाही. जेवलास का, एवढं विचारलं. वायर सोलायला शिकवलं, रिले ओळखायला शिकवलं. आज मी आख्खी गाडी एकटा करतो ती त्यांच्यामुळं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात नुकसान त्यांचंच झालं.

"ए कोयत्या, सीटला टेकू नको. वास जात न्हाई मग."

असं बोलणाऱ्याला सगळे दादा म्हणतात. देवळाली प्रवराकडचा बागायतदार. वयानं माझ्याएवढाच असेल. मी कुठला ते त्यानं आल्या आल्या विचारलं, आईबाप काय करायचे ते विचारलं, आणि तिथून पुढं माझं नाव कोयत्या पडलं. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. माणूस मोजत नाहीत, हत्यार मोजतात.

त्याच्या जुन्या जीपला एसी बसवला होता. एसी लावला की इंजिन तापायचं. म्हणून इंजिनवर फिरणारा जुना पंखा काढून रेडिएटरला विजेवरचा पंखा लावायचा होता. हे काम सोपं वाटतं, पण पंख्याला दोन धनी असतात. पाणी तापलं की तो सुरू होतो, आणि गाडी थंड असली तरी एसीचं बटण दाबलं की सुरू होतो. कधी सुरू होईल ते बाहेर उभ्या माणसाला कळत नाही. आत बसलेल्याला कळतं.

म्हणून नानांच्या दुकानात एक रीत आहे. ज्याचा हात बॉनेटमध्ये, चावी त्याच्या खिशात. गिऱ्हाईक कोणी असो. नानांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "माझीच घाई नडली." मीही तेच खरं धरून चाललो होतो.

आतली वायर ओढायला दादानं मला सीटवर बसू दिलं नाही. मी दारातून गुडघ्यावर वाकून ओढली. असलं मला नवीन नव्हतं. पाचटाच्या कोपीत राहायचो तेव्हा मळ्यातल्या नळाला आम्ही तोंड लावायचं नाही, लांबून ओंजळ धरायची. वाकायची सवय अंगात असते.

फिटिंग झालं. दादा आत बसला, काचा वर केल्या, एसी लावला. पंखा फिरला, पण कट्‌कट्‌ असा आवाज येत होता. वायर बांधलेल्या पट्टीचं टोक पात्याला लागत होतं. कापायचं, एवढंच काम. मी काचेवर टिचकी मारली.

"दादा, गाडी बंद करून चावी द्या. आत हात घालायचाय."

त्यानं काच दोन बोटं खाली केली. आतला गारवा माझ्या तोंडावर आला. "चावी? तुझ्या बापाची गाडी हाय का? एसी बंद केलाय. घाल हात."

पंखा थांबला होता. इंजिन चालू होतं. मागायला पाहिजे होतं परत. मागितलं नाही. हेच गिऱ्हाईक ऊसवाहतुकीच्या गाड्या नानांकडं पाठवतं, ते बिघडलं तर काय, हे डोक्यात. मी हात घातला.

त्यानं बटण दाबलं.

बाही पात्यात गेली. हात मागं आला तो कसा, मला माहीत नाही. बाही टरकली, एका नखातून रक्त आलं. काचेच्या आत दादा हसत होता. हसता हसता त्यानं काच खाली केली.

"कसं उडालं बघ बेनं. गंमत केली रे. घाल आता, न्हाई लावत."

मी हाताकडं बघत होतो. ह्या हातानं मी जेवतो. ह्याच हातानं कमावून घरी पैसे पाठवतो. हे बोट गेलं असतं तर परत कोपीत जायचं होतं, आणि ह्याला ती गंमत.

"चावी द्या," मी म्हणालो.

"काय?"

"चावी माझ्या खिशात येईल, मगच हात आत जाईल."

माझा आवाज कापत होता. दादा खाली उतरला आणि माझ्याकडं न बघता दुकानाकडं ओरडला, "ए शंकर, हे काय पाळलंय तू?"

नाना त्याच्या बापाच्या वयाचे. ते लगबगीनं बाहेर आले. माझी बाही बघितली, नख बघितलं. तरी हळूच म्हणाले, "जाऊ दे, गड्या. कापून टाक टोक. मोठी मानसं हायेत."

नानांचं मी आजवर सगळं ऐकलं होतं.

"न्हाई, नाना."

नानांनी परत एकदा माझं नख बघितलं. मग वळले आणि आपला डावा हात दादाच्या पुढं धरला. तीन बोटांचा. तळवा वर.

"द्या चावी, दादा."

"तू बी?"

"ही दोन बोटं माझ्या घाईनं न्हाई गेली. तवाबी गाडीत गिऱ्हाईक बसलं हुतं, एक सायेब. त्यांनी एसी लावला. मला चावी मागायचं धाडस झालं न्हाई, आन्‌ लोकांना खरं सांगायचं बी न्हाई झालं. ह्यानं मागितली. द्या."

दादानं चावी दिली नाही. गाडीत बसला. "आमच्याकडची एक गाडी तुझ्या दारात दिसली तर सांग," म्हणाला आणि निघाला. कट्‌कट्‌ आवाज रोडला लागेपर्यंत येत होता.

मी म्हणालो, "नाना, माझ्यामुळं तुमचं काम गेलं."

"चहा सांग दोन. आन्‌ नखाला हळद लाव. बोटं मोजलीस का? हायेत ना? मग बास."

ऊसवाहतुकीच्या गाड्या खरंच बंद झाल्या. दुकानात आता अर्धा दिवस बसूनच जातो. नाना मला दोष देत नाहीत, पण मला रात्री झोप लागत नाही. मनात येतं, एक बोट गेलं असतं तर एवढं झालं नसतं. मग माझी मलाच लाज वाटते. हा विचार माझा नव्हेच. नळाला तोंड लावू न देणाऱ्यांनी तो माझ्यात भरलाय. तो मी उपसून काढणार.

गाडी कुणाचीही असो, आता मी हात घालण्याआधी चावी मागतो. आवाज अजून कापतो. कापू दे. मागायची राहत नाही.

आणि नाना, तुम्हाला सांगतो. सुप्याच्या कंपन्यांच्या गाड्या असतात, नगरच्या टॅक्सीवाल्यांच्या असतात. एकेकाच्या दारात जाईन, पण तुमच्या दुकानातून माझ्यापायी गेलेलं काम परत आणून देईन. तुमची बोटं मला परत आणता येत नाहीत. पण ती कुणी घेतली, हे इथून पुढं जो विचारील त्याला मी सांगणार आहे.